दोन धनुष्यें : एक सरळ, एक वळलेलें

गेल्या थंडीच्या दिवसांतील गोष्ट आहे. आपल्या शाळेंतील एक मुलगा, अचलपूर तालुक्यांतील एका खेड्यांतून येणारा, दोन वर्षें बांबूच्या धनुष्यावर तिरंदाजी शिकत होता. त्या धनुष्यावर त्याचा हात इतका बसला होता कीं, तीस मीटरांवरील लक्ष्याच्या पिवळ्या मध्यापासून त्याचे बाण फारसे दूर जात नसत. त्याचे वडील संत्र्यांच्या बागेंत मजुरी करितात. मोठ्या स्पर्धांत उतरावयाचें तर बांबूचें धनुष्य पुरत नाहीं, रिकर्व्ह जातीचें, म्हणजे वळलेल्या टोकांचें, धनुष्य लागतें, असें कळल्यावर त्यांनीं कांहीं सांठविलेले व कांहीं उसने पैसे घालून मुलास तसलें एक वापरलेलें पण चांगलें धनुष्य घेऊन दिलें. पहिल्या दिवशीं मुलाचे बहुतेक बाण लक्ष्याच्या वरून आणि उजवीकडून निघून गेले. आठवडा उलटला तरी तोच प्रकार. शिवाय दोन बाण एका जागीं पडतील तर शपथ! मुलगा खिन्न झाला, आणि एके दिवशीं त्याचे वडील शाळेंत येऊन मला म्हणाले, "गुरुजी, पोट्ट्याचा हात बिघडला का धनुष्य बिघडलं? बिघडलं असन तं वापस करतो. लोकायचे पैसे हायेत. मले समजून सांगा."

मी पदार्थविज्ञान शिकवितों. मी तिरंदाज नाहीं. परंतु प्रश्न पदार्थविज्ञानाचाच होता, म्हणून दोन्ही धनुष्यें शाळेंत आणवून मीं तीं स्वतः ओढून पाहिलीं व प्रयोगशाळेंतील लटकत्या कांट्यावर तोललीं. तेव्हां दिसून आलें तें असें कीं, मुलाचा हात बिघडला नव्हता व धनुष्यही बिघडलें नव्हतें. दोन धनुष्यांचा स्वभाव निराळा होता, आणि एकाच्या स्वभावाप्रमाणें घडलेला हात दुसऱ्यापुढें गोंधळला होता. हा स्वभावभेद कशांतून उत्पन्न होतो, तें आज पाहूं.

आपल्या भाषेंत धनुष्यास कमान असाही शब्द आहे, आणि घड्याळांतील व गाडीखालील स्प्रिंगेसही आपले कारागीर कमानच म्हणत आले आहेत. हें नामसाम्य अगदीं यथार्थ आहे. कारण धनुष्य ही एक स्प्रिंगच होय. आपण दोरी सावकाश ओढतों तेव्हां आपल्या स्नायूंनीं केलेलें कार्य वांकलेल्या लांकडांत सांठून राहतें, आणि दोरी सोडतांच त्यांतील बहुतेक भाग एका क्षणांत बाणास मिळतो. धनुष्य नवी शक्ति निर्माण करीत नाहीं. जें आपण हळू दिलें तेंच तें घाईनें परत देतें. मुठीच्या वर व खालीं जे दोन वांकणारे भाग असतात त्यांस या लेखांत आपण बाहू म्हणूं, आणि बाहूच्या टोंकास जुन्या शब्दानें कोटि म्हणूं. रामेश्वराजवळील धनुष्कोटि या स्थळाच्या नांवांत हाच शब्द आहे.

सरळ धनुष्य, ज्यास इंग्रज लोक लाँगबो म्हणतात, तें दोरी काढली असतां जवळजवळ काठीसारखें दिसतें. त्यास दोरी चढविली कीं ती फक्त दोन कोटींस स्पर्श करिते; मधल्या भागांत ती मोकळी असते. वळलेल्या धनुष्याच्या कोटि धनुर्धराच्या उलट बाजूस, म्हणजे लक्ष्याकडे, वळविलेल्या असतात. त्यास दोरी चढविली म्हणजे ती कोटींजवळच्या कांहीं इंच भागावर टेकून बसते. पाहावयास हा भेद लहान आहे. परंतु पुढील सर्व भेद याच्याच पोटांतून निघतात.

हे दोन्ही प्रकार आपल्या देशांत फार जुने आहेत. इ. स. पूर्वी ४८० मध्यें इराणच्या झर्क्सीस राजानें ग्रीसवर स्वारी केली, त्या सैन्यांतील हिंदी शिपायांचीं धनुष्यें व बाण वेळूचे होते, असें हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें लिहिलें आहे. शिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधारें एरियन सांगतो कीं, हिंदी धनुष्य धनुर्धराच्या उंचीएवढें असे आणि तें जमिनीवर टेंकून, डाव्या पायानें दाबून, दोरी ओढीत. म्हणजे हीं सरळ व लांब धनुष्येंच होत. आजही सातपुड्यांतील भिल्ल लोकांचा तिरकमठा बांबूचाच असतो. इतकेंच नव्हे, तर त्याची दोरीही बांबूच्या सालीच्या पट्टीची करण्याची रीत आहे. दुसऱ्या बाजूस, विष्णूच्या धनुष्यास शार्ङ्ग म्हणतात. शार्ङ्ग म्हणजे शिंगाचें. लांकडाच्या पोटाकडील बाजूस शिंगाच्या पट्ट्या व पाठीकडील बाजूस जनावरांच्या स्नायूंचे तंतु सरसानें चिकटवून केलेलें आंखूड, खूप वळलेलें धनुष्य मोगलांच्या काळीं घोडेस्वारांचें आवडतें शस्त्र होतें. शिंग दाबास चांगलें टिकतें, तंतु ताणास चांगले टिकतात. म्हणून लहान आकारांत पुष्कळ बळ सांठे. परंतु सरसाचा शत्रु म्हणजे ओल. आपल्या पावसाळ्यांत सरस सैल पडे व धनुष्य निकामी होण्याची भीति असे. म्हणून पुढें आपल्या देशांत शस्त्रागारांत ठेवण्यासाठीं पोलादाचीं धनुष्येंही करूं लागले. बांबूस असली भीति थोडी. मेळघाटांत वाढणारा मानवेल जातीचा भरीव बांबू घ्या. त्याच्या सालीकडचे तंतु दाट व चिवट असतात आणि ताण तेच सोसतात. इंग्लंडांत यू नांवाच्या वृक्षाच्या लांकडांत ही योजना निसर्गानेंच केलेली असते : बाहेरचें पांढरें लांकूड ताण सोसतें, आंतलें तांबूस लांकूड दाब सोसतें. इ. स. १५४५ मध्यें बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी लढाऊ जहाजांतून असलीं १३७ अखंड धनुष्यें सांपडलीं आहेत, आणि तीं पुरुषभर लांब आहेत.

आतां प्रयोगाकडे वळूं. धनुष्याची मूठ खुंटीस अडकवावी, दोरीस कांटा लावावा, आणि दोन दोन वा चार चार इंच ओढीत किती वजन भरतें तें लिहीत जावें. (हा प्रयोग शिक्षकांसमक्षच करावा.) प्रत्येक धनुष्याचे आंकडे निराळे येतील, पण भेद समजण्यासाठीं एक नमुना घेऊं. समजा, दोन्ही धनुष्यें २६ इंच ओढलीं असतां २४ पौंड, म्हणजे सुमारें ११ किलो, भरतात. सरळ धनुष्याची दोरी मुठीपासून ६ इंचांवर स्थिर असते. ती १० इंचांवर नेली असतां ४ पौंड, १४ वर ८.५, १८ वर १३, २२ वर १७.५, २४ वर २०.५ आणि २६ वर २४ पौंड भरतात. वळलेल्या धनुष्याची दोरी ८ इंचांवर स्थिर असते. ती १० वर ५ पौंड, १४ वर ११, १८ वर १५.५, २२ वर १९.५, २४ वर २२ आणि २६ वर २४ पौंड दाखविते. आडव्या रेषेवर इंच व उभ्या रेषेवर पौंड घेऊन या आंकड्यांचा आलेख काढा. आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजेच सांठलेलें कार्य. हिशेब केला तर सरळ धनुष्यांत सुमारें २२० व वळलेल्यांत सुमारें २४८ इंच-पौंड येतात. शेवटचें वजन दोहोंचें एकच, तथापि वळलेल्याच्या पोटांत सुमारें एक अष्टमांश भांडवल अधिक!

हें अधिक भांडवल कोठून आलें? वळलेल्या धनुष्याची दोरी आरंभीं बाहूवर टेकलेली असल्यामुळें बाहूचा जो भाग वांकतो तो जणूं आंखूड असतो, आणि आंखूड काठी वांकविणें कठीण. म्हणून पहिल्याच इंचांत हातास भार लागतो. दोरी ओढीत गेलों म्हणजे ती बाहूवरून सुटत जाते व वळलेली कोटि तरफेप्रमाणें काम करूं लागते. त्यामुळें पुढें भार एकदम न वाढतां मृदुपणें वाढतो. सरळ धनुष्यांत याच्या अगदीं उलट घडतें. आरंभ सोपा, पण बाहू फार वांकले म्हणजे दोरी व कोटि यांमधील कोन इतका मोठा होतो कीं दोरीची पकड निष्फळ होऊं लागते, आणि शेवटच्या दोन इंचांत भार झपाट्यानें चढतो. वरील आंकडे पुन्हां पाहा. शेवटच्या दोन इंचांत सरळ धनुष्याचा भार साडेतीन पौंडांनीं वाढला, वळलेल्याचा केवळ दोन पौंडांनीं.

मित्रहो, आमच्या मुलाच्या पहिल्या कोड्याचें उत्तर येथेंच आहे. बांबूचें धनुष्य त्यास दर वेळीं सांगत असे, "आतां पुरे, यापुढें मी येत नाहीं." शेवटचा तो चढ हीच त्याची खूण होती; ती जाणवली कीं तो दोरी सोडी. नवें धनुष्य असें कांहींच सांगत नव्हतें. तें मुकाट्यानें येत राही, आणि मुलगा कधीं २५ इंचांवर तर कधीं २७ इंचांवर दोरी सोडी. एक इंच कमी-अधिक म्हणजे बाणाचा वेग कमी-अधिक. मग दोन बाण एका ठिकाणीं कसे पडावे? यावर उपाय इतकाच कीं, जी खूण धनुष्य देत नाहीं ती आपल्या शरीरावर ठरवून घ्यावयाची. हनुवटीखालीं हात टेकला, दोरी नाकास व हनुवटीस लागली, म्हणजे ओढ पुरी झाली. रिकर्व्हचे खेळाडू या जागेविषयीं इतके काटेकोर असतात त्याचें कारण हेंच होय.

दुसरें कोडें, बाण वरून कां जात होते? नवें धनुष्य अधिक कार्य सांठवितें, आणि त्याचे बाहू पातळ व हलके असल्यामुळें त्यांतील अधिक भाग बाणास देतें. बाणही नवा व हलका होता. समजा, बांबूच्या धनुष्याचा बाण सेकंदास ४० मीटर व नव्याचा ५० मीटर जातो. तीस मीटर जाण्यास पहिल्यास पाऊण सेकंद लागतो. तेवढ्या अवधींत पृथ्वीच्या आकर्षणानें तो सुमारें २.७६ मीटर खालीं येतो. दुसऱ्यास ०.६ सेकंद लागतो. तो सुमारें १.७६ मीटर खालीं येतो. बरोबर एक मीटराचा फरक! मुलगा सवयीनें पूर्वीइतकाच उंच नेम धरी. मग बाण लक्ष्याच्या डोक्यावरून न जाईल तर काय होईल?

तिसरें कोडें उजवीकडचें. उजव्या हातानें दोरी ओढणारा धनुर्धर बाण धनुष्याच्या डाव्या अंगास ठेवितो. बांबूच्या धनुष्यांत मुठीजवळ खांच नसते. म्हणून दोरी मध्यावर असली तरी बाणाचें टोंक धनुष्याच्या जाडीमुळें किंचित् डावीकडे वळलेलें असतें. दोरी सुटली म्हणजे बाण थोडा लवतो, धनुष्यास वळसा घालतो आणि मग सरळ होतो. बाणाचा ताठपणा धनुष्याशीं नीट जुळला असेल तर तो वाटेवर येतो; अधिक ताठ असेल तर डावीकडे जातो. आमच्या मुलाचे बांबूचे बाण थोडे ताठ असावेत. कारण तो नकळत लक्ष्याच्या उजवीकडे नेम धरावयास शिकला होता. रिकर्व्हच्या मुठींत खांच कापलेली असते व बाण जवळजवळ मध्यरेषेवर बसतो. तेथें जुनी दुरुस्ती नको होती. तीच दुरुस्ती आतां दोष झाली होती.

याखेरीज हातास जे आणखी भेद जाणवतात ते थोडक्यांत सांगतों. बाण सुटल्यावर बांबूच्या धनुष्याचा धक्का मनगटापर्यंत पोंचतो. त्याचे बाहू जड, मूठ हलकी. बाणास न मिळालेलें कार्य त्या जड बाहूंत राहतें आणि शेवटीं हातास मिळतें. आजच्या रिकर्व्हची मूठ धातूची व वजनदार असते, ती हा धक्का बरेचसा गिळते. धरून उभें राहण्यासही वजनदार मूठ अधिक स्थिर वाटते. मात्र पातळ, रुंद बाहूंचा एक तोटा आहे. बोटांनीं दोरी जराशी बाजूस खेंचली गेली कीं ते पिळवटतात आणि बाण भलतीकडे जातो. बांबूचा जाड, अरुंद बाहू असा सहजीं पिळत नाहीं. बोटांची लहानशी चूक तो पोटांत घालतो. पण डाव्या हाताची चूक मात्र तो पोटांत घालीत नाहीं. त्याची दोरी मुठीच्या जवळ असल्यामुळें बाण दोरीबरोबर अधिक अंतर जातो, आणि तेवढ्या अवधींत डावा हात हलला तर बाणही हलतो.

बोटांविषयीं एक मनोरंजक गोष्ट आहे. लांब धनुष्य पूर्ण ओढलें तरी दोरीचा कोन बोथट राहतो, म्हणून तीन बोटांनीं ओढणें सुखाचें होतें. घोडेस्वारांच्या आंखूड धनुष्यांत दोरीचा कोन इतका तीक्ष्ण होतो कीं तीन बोटें त्यांत चिमटतात. म्हणून त्या लोकांत एकट्या अंगठ्यानें दोरी ओढण्याची रीत पडली, आणि त्यासाठीं दगडाच्या किंवा हस्तिदंताच्या अंगठ्या करीत. महाभारतांतील एकलव्याची कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. अंगठा गेला म्हणजे धनुर्विद्या गेली, असें त्या कथेंत कां मानिलें आहे, तें ही अंगठ्याची रीत ध्यानांत घेतली म्हणजे चांगलें उमगतें. आजचें स्पर्धेचें रिकर्व्ह पुष्कळ लांब, बहुधा साडेपांच फुटांहून अधिक, असतें; म्हणून तेथें पुन्हां तीन बोटेंच वापरतात. (चाकें लाविलेलें कंपाउंड म्हणून जें तिसरें धनुष्य आहे, ज्यावर २०२३ सालीं साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे बर्लिन येथें जगज्जेते झाले, त्याची रचना इतकी निराळी आहे कीं तिजवर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.)

मग या दोहोंत श्रेष्ठ कोणतें? हा प्रश्न मुलाच्या वडिलांनींही केला. मीं त्यांस म्हटलें, "दादा, बैल आणि घोडा यांत श्रेष्ठ कोण, तें काम पाहून ठरतें." १९७२ पासून ऑलिंपिकमध्यें तिरंदाजी पुन्हां सुरू झाली, तेथें वैयक्तिक सामन्यांत ७० मीटरांवरून १२२ सेंटिमीटर रुंदीच्या लक्ष्यावर बाण सोडावे लागतात, आणि त्याचा दहा गुणांचा मध्य केवळ १२.२ सेंटिमीटर असतो. तेथें रिकर्व्हवांचून गत्यंतर नाहीं. परंतु स्थिर उभें राहणें, श्वास आवरणें, पाठीच्या स्नायूंनीं ओढणें, आणि बाण सुटल्यावरही हात जागचा न हालविणें, या गोष्टी बांबूच्या धनुष्यावरही तितक्याच शिकतां येतात, व त्या नव्या धनुष्यावर फुकट जात नाहींत. उदेपूरकडील लिंबाराम हा लहानपणीं बांबूच्या धनुष्यावरच वाढलेला आदिवासी मुलगा; तो १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिकांत भारताकडून खेळला.

आपल्या अमरावतीशीं संबंध असलेलें उदाहरणही आहे. सातारा जिल्ह्यांतील फलटण तालुक्यांत सरडे नांवाचें गांव आहे. तेथील मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा प्रवीण जाधव तिरंदाजी शिकण्यासाठीं अमरावतीस आला. शरीर अशक्त, खांद्यांत बळ थोडें, त्यामुळें रिकर्व्ह नीट आवरेना. घरीं परत जाण्याची पाळी आली होती. आणखी एक संधि मिळाली, ती त्यानें वायां जाऊं दिली नाहीं. २०१९ सालीं नेदरलंड्स येथील जागतिक स्पर्धेंत तरुणदीप राय व अतनु दास यांसह त्यानें सांघिक रौप्यपदक मिळविलें, आणि २०२१ सालीं टोकियो ऑलिंपिकमध्यें तो भारताकडून उतरला. त्या अडचणीच्या दिवसांतच कोणी "हात बिघडला" असा निकाल देऊन टाकिला असता, तर पुढचें कांहींच घडलें नसतें.

पालकांस माझी दोन शब्दांची विनंति आहे. मूल बांबूवरून रिकर्व्हवर गेलें म्हणजे पहिले कांहीं महिने त्याचे गुण उतरणारच. तें आळशी झालें वा धनुष्य खोटें निघालें असें समजूं नका. तसेंच, लवकर प्रगति व्हावी म्हणून त्याच्या बळापेक्षां भारी धनुष्य हातीं देऊं नका. खांदा दुखावला तर वर्ष वायां जाईल. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, बाण लाविल्यावांचून ओढलेली दोरी कधींही सोडूं नये. सांठलेलें कार्य घेण्यास बाण नसला म्हणजे तें बाहूंवर उलटतें, व धनुष्य फुटून इजा होऊं शकते. बांबूच्या धनुष्याची दोरी खेळ संपतांच उतरून ठेवावी, नाहीं तर तें वांकलेलेंच राहून दुबळें होतें. आणि बाण लाविलेलें धनुष्य कोणाही प्राण्याकडे थट्टेनेंही वळवूं नये.

मुलाचे वडील सर्व ऐकून घेऊन क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे पोट्ट्याले जुनं थोडं भुलावं लागन." इतक्या थोडक्या शब्दांत मला तें सांगतां आलें नव्हतें. धनुष्य परत गेलें नाहीं. मुलानें दोन महिने लक्ष्य जवळ आणून फक्त हनुवटीची जागा पक्की केली. परवां मी मैदानावर गेलों तेव्हां तीस मीटरांवर त्याचे सहा बाण एका वितीच्या आंत होते. मध्यावर नव्हते, थोडे डावीकडे होते. तो मला म्हणाला, "सर, अजून बाजूला जातात." मीं म्हटलें, "जाऊं देत. विखुरलेले बाण एका जागीं येणें हें कठीण काम, आणि तें तूं केलेंस. आतां तें ठिकाण मध्यावर सरकविणें एवढेंच उरलें आहे."